डिक्कीचा खटका

१

काकासाहेबांची सकाळ ठरलेली. चहा झाला की शेळीला पाला टाकायचा, अंगण लोटायचं आणि मग गाडीची डिक्की लावायची. हे तिसरं काम तसं नवं, ऊन तापायला लागल्यापासूनचं. पण म्हाताऱ्या माणसाला कुठलंही काम रोज करावं लागलं, की ते जन्मापासूनचंच वाटायला लागतं.

गाडी मुलानं, कल्याणनं आणलेली. बॅटरीवर चालणारी. वापरलेली होती, पण दिसायला कोरी. त्याची बहीण दैवशाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचे दिवस भरत आले होते, आणि वडीगोद्रीहून अंबडचा दवाखाना काही हाकेच्या अंतरावर नाही. वेळेला दारात गाडी हवी म्हणून त्यानं घाई केली. ओसरीतून वायर काढून गाडी पहिल्यांदा चार्जिंगला लावली, तेव्हा कल्याणची आई सगुणाबाई म्हणाल्या, "म्हशीला आंबोण तसा हिला करंट. फक्त दूध तेवढं देत न्हाई."

सगळं बरं होतं. डिक्की तेवढी धड लागत नव्हती. म्हणजे लागायची. दाबली की टक् करून बसायची. आणि थोड्या वेळानं, कुणी हात न लावता, टक् करून सुटायची आणि वीतभर वर येऊन थांबायची. रस्त्यात सुटली की गाडी आतल्या आत टुंगटुंग बोंबलायची. शोरूमवाला म्हणाला, सामान यायला वेळ लागेल. कल्याण मोटारसायकलवर जालन्याला कामाला जाऊ लागला आणि गाडी अंगणात राहिली.

"मी बघतो," काकासाहेब म्हणाले. "शेवटी कडीच ना ती?"

कड्या त्यांनी पुष्कळ बसवल्या होत्या. दाराच्या, गोठ्याच्या, पेटाऱ्यांच्या. त्यांची रीत अशी की आधी हात लावायचा नाही. समोर बसायचं आणि ती का ऐकत नाही ते बघायचं. म्हणून पहिले काही दिवस ते बाज टाकून नुसते डिक्कीकडे बघत राहिले. सुनेनं, सुरेखानं, हसून विचारलं, "मामा, पिक्चर लागलाय का तिथं?"

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही. डिक्की लावताना हाताला आतली हवा लागायची. गार. रांजणाच्या तोंडाशी हात नेल्यावर लागते तशी. भर उन्हात उभ्या पत्र्याच्या पोटात एवढा गारवा कुठून, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. बॅटरीची गाडी, तिचं तिला ठाऊक, असं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

२

अजमतचं गॅरेज हायवेला आहे. ट्रक आणि ट्रॅक्टर हे त्याचं काम. काकासाहेबांच्या शब्दाखातर तो पाने घेऊन घरी आला, आणि आल्या आल्या त्यानं हात वर केले.

"काका, एक बात आधीच सांगतो. मोठ्या करंटची नारंगी वायर दिसली की आपण दुरून सलाम करायचा. बाकी काय म्हणाल ते खोलतो."

"खटका खोल. बाकी तुझी गाडी तुला लखलाभ."

अजमतनं डिक्कीच्या झाकणाचं आतलं कव्हर काढलं. खटका उघडा पडला. त्यानं पेचकस घालून तो मिटवला, सोडला, परत मिटवला. तेल सोडलं. बराच वेळ तो खाली वाकून होता.

"बराबर हाय," तो म्हणाला. "स्प्रिंग जिंदा हाय. दात झिजले न्हाईत. काय खराबीच न्हाई, काका."

"मंग सुटतो कसा?"

"करंटचा खेळ असंल." त्यानं पुढचं झाकण उघडलं आणि तिथल्या लहान बॅटरीची तार सोडवली. "आता गाडी मुर्दा. आता खुली तर माझं नाव बदला."

काकासाहेबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. खटक्याला आतल्या अंगानं एक बोंडी होती, बोराएवढी.

"ही कशाला?"

"कुणी आत कोंडलं गेलं तर आतून खोलायला. बाहेरदेशी डोकं."

काकासाहेबांनी बोंडीवर अंगठा ठेवला. ती गुळगुळीत होती. नव्या वस्तूची गुळगुळी वेगळी आणि वापराची वेगळी. जात्याचा खुंटा पिढ्यान् पिढ्या हात लागून जसा होतो, तशी ती झाली होती. एका बाजूनं जास्त झिजलेली, अंगठा जिथं बसतो तिथं.

"गाडी दोनतीन वर्षांची हाय म्हणतो कल्याण."

अजमतनं हात लावून बघितला आणि काढून घेतला. "कंपनीचाच माल असा असंल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काका, घरात धुरी दिली का कुणी? ओवा, बाळंतशेपा... माझ्या इरमच्या बाळंतपणात घरभर हाच वास होता."

घरात अजून बाळंतीण नव्हती. धुरीही नव्हती. वास डिक्कीतून येत होता, मंद, शिळा.

"आधीच्या मालकानं दवाखान्यातून बाळंतीण आणली असंल," काकासाहेब म्हणाले.

"बिलकुल. तसंच."

दोघांनाही ते पटलं. डिक्की दाबून लावली आणि दोघं ओसरीवर चहाला बसले. चहा अर्धा व्हायच्या आत टक् असा आवाज झाला. अजमतनं बशी खाली ठेवली. उठून पुढे गेला, तार बघितली. तार सुटलेलीच होती.

दैवशाला तेवढ्यात घरातून बाहेर आली होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या फेऱ्या मारायला.

३

पुढचे काही दिवस काकासाहेबांनी तेच बघितलं.

ते स्वतः गाडीमागून गेले. काही नाही. सुरेखाला पाणी आणायच्या निमित्तानं पाठवलं. काही नाही. शेळी गेली, कुत्रं गेलं. सगुणाबाई गेल्या आणि म्हणाल्या, "अवं, मला कशाला हिंडवून राह्यले? गुडघे काय तुमचे हायेत का?" डिक्की मिटलेलीच.

दैवशाला गेली की टक्.

ती येतानाही नाही आणि लांबूनही नाही. ती डिक्कीच्या अगदी मागे पोचली, पाठ तिकडे झाली, की मग. माणूस जवळ येईपर्यंत दम धरावा आणि नेमक्या वेळी दार उघडावं, तसं.

तिच्याकडे गाडीची किल्ली असेल म्हणून त्यांनी विचारलं. किल्ली कोनाड्यात होती. मोबाईल असेल म्हणून तिचा मोबाईल काढून घेतला. "बाबा, गाडीला मी आवडते," ती म्हणाली. "नवऱ्यानं कधी एवढ्या अदबीनं दार उघडलं न्हाई." सुरेखा खळखळून हसली. काकासाहेबही हसले. जड बाईच्या पावलानं जमीन हादरत असेल, खटका नाजूक असेल. हलक्या पावलाला कळत नसेल, जडला कळत असेल. रात्री पडल्या पडल्या त्यांनी हे मनात नीट बसवलं. मग आठवलं की अजमत तिच्या दुप्पट वजनाचा आहे.

४

त्या दुपारी वारा पडला होता. सगुणाबाई आणि सुरेखा आत कुरडया घालत होत्या. काकासाहेबांचा बाजेवर डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगण रिकामं होतं आणि दैवशालाच्या चपला गाडीमागे होत्या. एकमेकींना लावून, नीट ठेवलेल्या.

ते उठले. अनवाणीच गाडीमागे गेले.

डिक्की वीतभर उघडी होती. त्यांनी झाकण वर केलं. दैवशाला आत कुशीवर निजली होती, गुडघे पोटाशी घेऊन, हाताची उशी करून. जागा इतकी बेताची, की एवढी अवघडलेली बाई तिथं मावलीच कशी हे त्यांना समजेना. आणि तरी पाठीमागे तिनं थोडी जागा सोडली होती. बाजेवर लेकराला आतल्या बाजूला घेतल्यावर आई कडेला निजते, तशी ती कडेला होती.

"दैवशाला! ऊठ, बाई, ऊठ!"

ती सावकाश उठून बसली. चेहऱ्यावर घाम नव्हता. हात गार होता.

"काय झालं, बाबा? किती छान झोप लागल्ती. माय पाय चेपून राह्यली होती." तिनं इकडंतिकडं बघितलं. "माय कुठं गेली?"

सगुणाबाई आतून ओरडल्या, "काय गं, मला बोलावलं का?" त्यांचे दोन्ही हात चिकानं भरलेले होते.

दैवशालाला घरात पोचवून काकासाहेब परत आले. डिक्कीतल्या गालिच्याला खळगा पडला होता. तिच्या अंगाचा एक. आणि मागे दुसरा, लांबट, जुना. हात फिरवला तरी त्याचे केस उभे राहिले नाहीत.

५

संध्याकाळी घरात भांडण झालं.

"बाबा, गाडी हाय ती," कल्याण म्हणाला. "पत्रा हाय. तिला जीव न्हाई."

"मी कुठं म्हणतो जीव हाय?"

"मंग?"

"डिक्की खिळवून टाकतो. एवढंच."

"खिळवा. पण वेळेला बॅटरीची तार जोडून ठेवा. आपल्याला गाडी लागणार हाय, ती शोभेला न्हाई आणली."

काकासाहेबांनी 'हो' म्हटलं. तार मात्र जोडली नाही. आयुष्यात पोराला इतकं सरळ खोटं ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डिक्की दाबून लावली. मग मागच्या सीटची पाठ पुढे ओढली, हात खांद्यापर्यंत जाईल एवढी फट केली, आणि चाचपडत खटक्याच्या भोकात एक मोठा खिळा घातला. आता खटका हलणार नाही. आतून नाही, बाहेरून नाही. खिळा काढला तरच. काम नीट झालं. दैवशालाला त्यांनी मागच्या अंगणात फेऱ्या मारायला लावलं आणि स्वतः गाडीजवळ बाज टाकली.

दिवसभर डिक्की सुटली नाही. ठोकल्याचा आवाज नाही, खरवड नाही. ऊन कलल्यावर मात्र आतून एक आवाज आला. अगदी साधा. अंग चोरून झोपलेलं माणूस कूस बदलतं, आणि बदलताना जरा श्वास सोडतं, तसा.

पत्रा निवतो तेव्हा वाजतो. काकासाहेबांना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या गोठ्याचा पत्रा जन्मभर वाजत आला होता. पण पत्र्यानं असा श्वास सोडलेला त्यांनी ऐकला नव्हता.

६

रविवारी सकाळी दैवशालाच्या कळा सुरू झाल्या. कल्याण घरीच होता. किल्ली घेऊन गाडीत बसला आणि लगेच उतरला.

"चालू होईना! बाबा, तार जोडली न्हाई का तुम्ही?"

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"अजमतला फोन केलाय. त्याची जीप येऊन राह्यली. तिच्यातून जायचं."

"दारात गाडी असून पोरीला जीपमधी आदळत न्यायची? डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं म्हण." काकासाहेब गाडीच्या आणि ओसरीच्या मध्ये उभे होते. "पण ह्या गाडीत ती बसायची न्हाई. मी मेलो तरी न्हाई."

बापाचा असा आवाज कल्याणनं ऐकला नव्हता. तो पुढं काही बोलणार तोच अजमतची जीप धुरळा उडवत आली. मागे गाद्या अंथरलेल्या होत्या. सुरेखा आणि कल्याण दैवशालाला धरून चढले. जाताना तिनं गाडीकडे बघितलं आणि हसल्यासारखं केलं. जीप वळणाआड गेली.

घरात दोघं म्हातारी राहिली.

७

दुपार होत आली तरी निरोप नव्हता. मग सुरेखाचा फोन आला. आवाज बारीक.

"मामा, बाळ अडलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून थोडं बघू, न्हाई तर पोट फाडावं लागंल. तिचा दम उखडलाय. ती... ती लई थकली, मामा."

सगुणाबाईंनी फोन ठेवायचीही वाट बघितली नाही. बाई अडली की घरातलं जे जे बंद आहे ते मोकळं करायचं, ही त्यांच्या आईची, आजीची रीत. त्या उठल्या आणि सुरू झाल्या. दाराच्या कड्या काढल्या. कपाट उघडलं, लोखंडी पेटी उघडली, डब्यांची झाकणं काढली. शेळीचं दावं सोडलं. सुतळीच्या गाठी, पिशव्यांच्या गाठी, स्वतःच्या अंबाड्याची गाठ. पांढरे केस पाठीवर मोकळे टाकून त्या अंगणात आल्या.

"तुमचा करदोडा सैल करा. चपला काढा. आणि ती गाडी उघडा."

"गाडीचं काय मधीच?"

"मधीच कसं? घराच्या अंगणात हाय. तिला खिळा तुम्हीच मारला. माझी पोर तिथं अडून पडली आन् तुम्ही इथं कडी लावून बसले?"

काकासाहेबांना सांगता आलं असतं की ही कडी त्यांनी पोरीसाठीच लावली होती. पण मग आत काय कोंडलंय तेही सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की उघडली तर ते पोरीकडे जाईल. आणि नाही उघडली तर... सगुणाबाई रीत पाळत होत्या, रीत खोटीही असेल. खोटी असेल आणि पोर वाचेल. खरी असेल आणि कडी लावलेलीच राहिली तर?

आतून फोन परत वाजायला लागला.

त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर गुडघा टेकला, पाठ पुढे ओढली आणि फटीत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. गारवा खांद्यापर्यंत चढला. गाल सीटला दाबला गेला, डोळ्यांसमोर नुसतं कापड. बोटं खटक्यापाशी पोचली. भोक लागलं.

भोकात खिळा नव्हता.

त्यांनी बोटं इकडंतिकडं फिरवली. खाली पडला असेल म्हणून तळहात उताणा करून गालिचा चाचपू लागले. तेवढ्यात खिळा त्यांच्या तळहातावर आला. वरून पडला नाही. ठेवला गेला. डोक्याकडची बाजू त्यांच्याकडे करून, शहाण्या माणसानं विळा द्यावा तसा. आणि मग त्यांची बोटं एकेक करून, हळूच, त्याच्यावर मिटवली गेली.

म्हणजे तिला उघडता येत होतं. एवढे दिवस येत होतं. ती वाट बघत होती, कुणीतरी म्हणण्याची.

त्यांनी हात काढला नाही. काढला असता तर बरं, पण त्यांना वाटलं की झटक्यानं हात ओढणं वाईट दिसेल. "जा, बाई," ते म्हणाले. "मोकळी कर तिला."

टक्.

झाकण सरकत पूर्ण वर गेलं. आणि गाडीचा मागचा भाग उठला, बैलगाडीतून जडशी बाई उतरल्यावर उठतो तसा. काकासाहेब सीटसकट वर उचलले गेले आणि तसेच राहिले.

अंगणात सगुणाबाई केस मोकळे सोडून देवाचं नाव घेत उभ्या होत्या. त्यांनी काही बघितलं नाही. फक्त नाक ओढून म्हणाल्या, "अगं बाई, शेपाचा वास कुठून येऊन राह्यला?"

८

फोन वाजायचा थांबला होता. थोड्या वेळानं परत आला, या वेळी व्हिडिओचा. सुरेखा रडत होती आणि हसत होती.

"मोकळी झाली, मामा! आपोआप. डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्त्या तेवढ्यात. मुलगी हाय. दोघी बऱ्या हायेत. बघा, बघा."

फोन फिरला. दैवशाला खाटेवर डोळे मिटून पडलेली. कल्याण दाराशी, तोंडाला रुमाल लावून. मग बाळ. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं, तांबडंलाल, मूठ तोंडाशी. सगुणाबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. "माझी माय, माझी सोनी. नाक बघा, नाक!"

काकासाहेब नाक बघत नव्हते. बाळ एका मांडीवर होतं. विटलेल्या हिरव्या लुगड्याची मांडी, काठाला हळदीचा डाग. मांडी हलत होती, तान्ह्याला झोपवताना हलते तशी, आणि एक हात बाळाच्या पोटावर ठेवलेला होता. अंगठा एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालेला.

"सुरेखा," ते म्हणाले, "बाळ कुणाच्या मांडीवर हाय?"

"मांडीवर? मांडीवर कुठं, मामा? पाळण्यात ठेवलंय. मी समोरच उभी हाय की."

चित्र अडकलं. मग फोन बंद झाला.

सगुणाबाईंनी केस बांधले. डोळे पुसत त्या घरभर फिरल्या आणि मोकळं केलेलं सगळं परत लावत गेल्या. पेटी, कपाट, डबे, दाराच्या कड्या. शेळी दाव्याला बांधली. शेवटी अंगणात आल्या. काकासाहेब घरातली मऊ, धुतलेली गोधडी डिक्कीत अंथरत होते. उशाशी त्यांनी एक लहान दुपटंही घडी करून ठेवलं.

"हे काय? लावा आता ती. पोर सुटली, काम झालं."

"राहू दे उघडी."

"किती वेळ?"

काकासाहेबांनी गोधडीचा कोपरा सरळ केला. एकदा रस्त्याकडे बघितलं, अंबडच्या बाजूला.

"अजून सगळी माणसं घरी आली न्हाईत," ते म्हणाले.